बगदादचे यहुदी मदरसे

बगदाद म्हटलं की आपल्याला हारून रशीद, बैतुल हिकमा आणि निजामिया मदरसा आठवतो. पण निजामियाचे दरवाजे १०६७ साली उघडले, तेव्हा त्याच शहरातल्या दोन धर्मविद्यालयांचा सुवर्णकाळ संपून गेला होता. त्यांची नावं सुरा आणि पुम्बेदिता. ती यहुद्यांची होती. ‘यहुदी’ हा शब्द आपल्या वस्त्यांत आज बहुतेक वेळा शिवी म्हणूनच कानावर पडतो, म्हणून हा इतिहास सांगायला हवा.

ही विद्यापीठं इस्लामहून जुनी. तिसऱ्या शतकात, सासानी राजवटीत, फुरात नदीच्या परिसरात ती सुरू झाली. यहुदी धर्मशास्त्राचा महाग्रंथ असलेला बाबिलोनी तालमूद याच भागातल्या चर्चांतून आकाराला आला. सातव्या शतकात मुस्लिम आले तेव्हा काय झालं? पुम्बेदिताचे प्रमुख शेरिरा यांनी ९८७ साली कैरवानच्या यहुद्यांना एक दीर्घ पत्र लिहिलं. त्यात ते सांगतात की, अन्बार भागातले यहुदी विद्वान रब्बी इसहाक हे अली इब्न अबी तालिब यांना भेटायला सामोरे गेले आणि अलींनी त्यांचं प्रेमानं स्वागत केलं. तीनशेहून अधिक वर्षांनंतरही यहुदी परंपरेनं ती भेट जपून ठेवली होती.

पुढे अब्बासी काळात दोन्ही विद्यालयं बगदादला आली. त्यांच्या प्रमुखाला ‘गाओन’ म्हणत. कैरो, कैरवान, स्पेन अशा दूरदूरच्या वस्त्यांतून त्याच्याकडे प्रश्न येत. वारसा कसा वाटायचा, व्यापारातली भागीदारी कशी मोडायची, नमाजेसारख्या त्यांच्या प्रार्थनेचा क्रम काय? विद्वान चर्चा करत, गाओन निर्णय देई, लेखनिक तो लिहून घेई आणि उत्तर कारवाँबरोबर रवाना होई. आपल्याकडच्या इस्तिफ्ता आणि फतव्याचीच ही पद्धत. नवव्या शतकात सुराचे गाओन अमराम यांनी स्पेनहून आलेल्या अशाच एका विनंतीवरून वर्षभराच्या प्रार्थनांचा ग्रंथ तयार करून पाठवला.

मला सर्वांत भावते ती त्यांची ‘कल्ला’ नावाची प्रथा. वर्षातून दोनदा, हिवाळ्याच्या शेवटी अदार महिन्यात आणि उन्हाळ्याच्या शेवटी एलूल महिन्यात, गावोगावचे शिकणारे विद्यालयात महिनाभर जमत. तालमूदचा कोणता भाग अभ्यासायचा हे आधीच ठरलेलं असे. मधले पाच महिने लोक आपापल्या घरी, पोटापाण्याचा उद्योग सांभाळून तो वाचत. मग गाओनपुढे ओळीनं बसून परीक्षा होई. अभ्यास कच्चा निघाला तर कानउघाडणी होई आणि मदतीची रक्कमही कमी केली जाई. धर्माचं ज्ञान ही फक्त पूर्णवेळ आलिमांची मक्तेदारी नाही, कमावत्या माणसानंही ते मिळवायचं असतं, हा त्यामागचा विचार होता.

९२८ साली सुराचे प्रमुख झालेले सादिया गाओन मूळ मिसरच्या फय्यूमचे. त्यांनी तौरातचा अरबी अनुवाद केला. तो यमनी यहुद्यांच्या घरांत शतकानुशतकं वाचला गेला. यहुदी समाजाचा राजकीय प्रमुख दाऊद बिन जक्काई यानं वारशाच्या एका खटल्याचा निवाडा सहीसाठी पाठवला, तेव्हा सादियांनी सही नाकारली. त्यापायी त्यांना काही वर्षं पद गमवावं लागलं. त्याच काळात, ९३३ साली, त्यांनी ‘किताब अल-अमानात वल-इतिकादात’ हा ग्रंथ अरबीत लिहिला. त्याची मांडणी मुतजिलांच्या इल्मे कलामच्या वळणाची आहे. आधी सृष्टीची निर्मिती, मग तौहीद, मग अद्ल.

हाय गाओन यांची आठवण तर प्रत्येक मदरशात सांगावी अशी. बायबलमधल्या एका ओळीचा अर्थ लागेना, तेव्हा त्यांनी शिष्याला बगदादच्या ख्रिस्ती धर्मगुरूकडे विचारायला पाठवलं. शिष्य कचरला. हाय यांनी त्याला सुनावलं की, आपले पूर्वज एखाद्या शब्दाच्या अर्थासाठी मेंढपाळांनाही विचारत असत. १०३८ साली हाय वारले आणि या विद्यालयांचं वैभव ओसरलं.

हे सगळं सोनेरी होतं, असा दावा मी करणार नाही. यहुदी जिझिया भरत. खलिफा मुतवक्किलनं त्यांच्यावर वेगळ्या रंगाच्या पोशाखाची सक्ती केली होती. एकोणिसाव्या शतकात दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून बगदाद सोडणारं एक घराणं १८३२ साली मुंबईत आलं. ते ससून घराणं. पुण्याचं ‘लाल देऊळ’ हे त्याच डेव्हिड ससून यांनी बांधलेलं सिनेगॉग. म्हणजे बगदादची बेरीज आणि वजाबाकी, दोन्ही आपल्या दारापर्यंत पोहोचली आहे.

फलस्तीनवरच्या अन्यायाविरुद्ध बोललंच पाहिजे. पण एका राज्यसत्तेवरचा राग एका अख्ख्या धर्मपरंपरेवर काढणं, हे ना न्यायाचं आहे ना इल्मचं. बगदादच्या त्या गल्ल्यांत मुस्लिम, यहुदी आणि ख्रिस्ती विद्वान एकाच अरबीत वाद घालत होते. शेजाऱ्याकडे काय लिहिलं आहे ते त्यांना माहीत होतं. आपल्याला आहे का?