फोर्झामध्ये मस्टँग वळणावर गिरकी का घेते? मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या ताब्यात ठेवायचं गणित

फोर्झा होरायझन ५ खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रसंग येतो. क्रेडिट्स साठवून फोर्ड मस्टँग किंवा टोयोटा सुप्रा घ्यायची, इंजिनाचे मिळतील तेवढे अपग्रेड लावायचे आणि सुसाट निघायचं. सरळ रस्त्यावर गाडी कुणाला ऐकत नाही. मग पहिलं वळण येतं, बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला जातो आणि गाडी गर्रकन फिरून उलट्या दिशेला तोंड करून उभी राहते.

बरेच जण इथे वैतागतात आणि गाडीला थेट ऑल व्हील ड्राइव्ह बसवून मोकळे होतात. पण दोष नुसत्या ताकदीचा नसतो. मागच्या टायरांवर एकाच वेळी दोन कामं लादली जातात, खरी गोम तिथे आहे.

सुमो आणि मस्टँगमध्ये सारखं काय?

खडकवासल्याचं धरण मागे टाकून डोणज्याच्या पुढे गेलं की सिंहगडाचा घाट लागतो. अशा घाटांत वर्षानुवर्षं दिसलेली टाटा सुमो १९९४ साली बाजारात आली. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, अशी तिची रचना. मस्टँगची रचनाही तीच. फरक इतकाच, की सुरुवातीच्या सुमोचं डिझेल इंजिन ७० हॉर्सपॉवरच्या आतलं होतं आणि गेममधली अपग्रेड केलेली मस्टँग सहज ७००-८०० च्या घरात जाते.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी बैलगाडीसारखी पुढून ओढली जाते. मागच्या चाकांवर चालणारी गाडी हातगाडीसारखी मागून ढकलली जाते. हातगाडी वळवताना मागून जास्त जोर लावला तर ती आडवी जाते. मस्टँगचंही तेच होतं.

टायरच्या खिशात १०० रुपये

प्रत्येक टायरची पकड मर्यादित असते. समजा टायरच्या खिशात १०० रुपये आहेत. वळणात गाडी रस्त्याला धरून ठेवण्यात ८० खर्च झाले, तर वेग वाढवायला थोडेच उरतात. तेवढ्यात चालकाने पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की खिसा रिकामा होतो आणि मागचा भाग घसरतो. यालाच ओव्हरस्टिअर म्हणतात.

दुसरा धोका उलट बाजूने येतो. घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला, तर गाडीचं वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गिरकी बसते ती बसतेच. म्हणजे जोरात दाबणंही वाईट आणि झटक्यात सोडणंही वाईट.

ट्यूनिंग कुठून सुरू करायचं?

खडकवासल्यातच केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ पासून काम करणाऱ्या या संस्थेत नद्या, धरणं आणि बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून पाणी कसं वागेल हे तपासलं जातं. अशा कुठल्याही चाचणीत एका वेळी एकच गोष्ट बदलली, तर फरक कशामुळे पडला ते कळतं. गेममधलं ट्यूनिंगही असंच करावं. एक बदल, त्याच रस्त्यावर दोन फेऱ्या, मग पुढचा बदल.

टायर: पहिला खर्च इंजिनावर नको, टायरवर करावा. चांगल्या प्रतीचे आणि मागे जास्त रुंद टायर घेतले की पकड थेट वाढते. मागच्या टायरमधली हवा एक-एक पीएसआयने कमी करून पाहावी. फार कमी केली तर गाडी लोळल्यासारखी वाटते.

गिअर: पहिल्या दोन-तीन गिअरमध्ये चाकं जागेवरच फिरत असतील, तर ते गिअर थोडे लांब करावेत. त्यासाठी स्लायडर टॉप स्पीडच्या बाजूला सरकवायचा. चाकांना मिळणारा जोर कमी होतो आणि टायरला रस्ता पकडायला उसंत मिळते.

अँटी-रोल बार आणि स्प्रिंग: मागचा भाग सारखा निसटत असेल तर मागचा अँटी-रोल बार मऊ करावा. तेवढ्याने भागलं नाही तर मागचे स्प्रिंगही थोडे मऊ करावेत. याउलट गाडी वळायलाच तयार नसेल, तर पुढचा बार मऊ करून पाहावा.

डिफरन्शियल: मागची दोन चाकं एकमेकांशी किती घट्ट बांधलेली आहेत, हे इथे ठरतं. ॲक्सिलरेशनची टक्केवारी फार कमी असेल तर वळणात आतलं चाक एकटंच भिरभिरतं. फार जास्त असेल तर दोन्ही चाकं एकदम निसटतात. ड्रिफ्ट करणारे ती १०० पर्यंत नेतात, ते याच कारणासाठी. शर्यतीत मधला आकडा बरा. डिसिलरेशनची टक्केवारी थोडी वाढवली, तर ॲक्सिलरेटर सोडताना गाडी शांत राहते.

मागचा विंग: याचा उपयोग वेगात होतो. हवेच्या दाबाने मागची चाकं रस्त्याला चिकटतात. मात्र ५०-६० च्या वेगाने घ्यायच्या वळणावर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

उरलेलं काम बोटाचं

सेटिंग कितीही जमली तरी कंट्रोलरचा ट्रिगर हा दिव्याच्या बटणासारखा चालू-बंद करून चालत नाही. ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असतानाच लावावा. वळणाच्या मध्यात ॲक्सिलरेटर हलका, एकसारखा धरावा. स्टेअरिंग जसजसं सरळ होत जाईल, तसतसा ट्रिगर दाबत जावा. दुसऱ्या गिअरमध्ये चाकं सुटत असतील तर तेच वळण तिसऱ्यात घेऊन पाहावं.

तरीही मागचा भाग निसटलाच, तर तो ज्या बाजूला जातोय त्याच बाजूला स्टेअरिंग वळवावं. मागचा भाग उजवीकडे गेला, तर स्टेअरिंग उजवीकडे. ॲक्सिलरेटर थोडा कमी करावा, पण झटक्यात सोडू नये. गाडी सावरायला लागली की स्टेअरिंग लगेच सरळ आणावं, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला फेकली जाते.

नवख्यांनी ट्रॅक्शन कंट्रोल लगेच बंद करायची गरज नाही. आधी स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करून सराव करावा, बोटाला अंदाज आला की मग ट्रॅक्शन कंट्रोल. सरावाला १६०० हॉर्सपॉवरपर्यंत जाणारी कोनिगसेग जेस्को घेण्यापेक्षा बी किंवा ए क्लासमधली मागच्या चाकांची साधी गाडी घ्यावी. तिथे चूक सावकाश होते, त्यामुळे ती दिसते आणि सुधारता येते.

गेम आणि घाट

गेममध्ये शिकलेलं टायरचं गणित खऱ्या रस्त्यालाही लागू पडतं. पण त्यातून घ्यायचा धडा उलटा आहे. पावसाळ्यात सिंहगडाच्या घाटात रस्ता ओला असतो, म्हणजे टायरच्या खिशात १०० ऐवजी ६०-७० रुपयेच उरतात. वळणापलीकडून दुचाकी येत असते, कडेने माणसं चालत असतात. गेममध्ये गाडी घसरली की रिवाइंडचं बटण दाबून काही सेकंद मागे जाता येतं. घाटात ती सोय नाही. म्हणून ड्रिफ्टची हौस पडद्यावर भागवावी, आणि खऱ्या वळणाच्या आधी ब्रेक लावून गाडी सावकाश घ्यावी.