कर्ज 'फिटेपर्यंत' की 'फेडता येईपर्यंत'?

'व्हेन द लोन विल बी रिपेड' असं लिहिलं की इंग्रजीच्या पेपरात हमखास लाल शेरा येतो. नियम असा: 'व्हेन', 'अंटिल', 'आफ्टर' यांनी सुरू होणाऱ्या कालवाचक उपवाक्यात भविष्य सांगायचं असलं तरी 'विल' येत नाही. 'व्हेन द लोन इज रिपेड' म्हणायचं. मराठी मुलांची ही चूक का होते तेही उघड आहे. 'जेव्हा कर्ज फेडलं जाईल, तेव्हा सातबारा मोकळा होईल' असं आपण दोन्हीकडे भविष्यकाळ ठेवूनच बोलतो. आणि जुन्या कायद्यांच्या इंग्रजीत अशाच उपवाक्यांमध्ये 'शॅल बी पेड' सर्रास सापडतं. म्हणजे आज ज्याचे मार्क कापतात, त्याच्या अगदी जवळची रचना एके काळी वकिलांची रोजची भाषा होती.

'विल'ला मनाई असली तरी 'कॅन'ला नाही. 'अंटिल द लोन इज रिपेड' आणि 'अंटिल द लोन कॅन बी रिपेड', दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. पहिल्यात पैसे खरोखर परत मिळाले की मुदत संपते. दुसऱ्यात फेडण्याची ऐपत आली की संपते. या दोन वाक्यांमध्ये एखाद्याची जमीन जाऊ शकते किंवा राहू शकते. आणि कोण फेडणार, कोण मोजणार, हे दोन्ही वाक्यं सांगत नाहीत, कारण दोन्ही कर्मणी आहेत.

मराठीत हेच सांगायला किती वाटा आहेत ते बघा. कर्ज 'फिटेपर्यंत': इथे कर्ज आपोआप फिटल्यासारखं वाटतं, फेडणारा दिसतच नाही. 'फेडेपर्यंत': इथे कुणीतरी फेडतोय. 'फेडता येईपर्यंत': इथे ऐपतीचा प्रश्न आला. स्पर्धा परीक्षेसाठी 'प्रयोग' पाठ केलेल्यांना आणखी दोन आठवतील. 'त्याच्याने कर्ज फेडवत नाही' हा शक्य कर्मणी. इंग्रजीला तीन-चार शब्द लागतात तिथे आपण एका क्रियापदात शक्यता बसवतो. 'त्याच्याकडून कर्ज फेडलं गेलं' हा नवीन कर्मणी, आणि तो इंग्रजीच्या प्रभावाने रुळला असं आपली व्याकरणाची पुस्तकंच सांगतात. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आलं. त्याच्या आधी कितीतरी वर्षं इंग्रजी कायदा गावोगावच्या कागदांपर्यंत पोचला होता.

तो पोचला तेव्हा काय झालं, हे शिरूर आणि दौंडच्या परिसरात नीट दिसतं. आजच्या दौंड-बारामतीचा मोठा भाग तेव्हा भीमथडी तालुक्यात होता. शेतकरी सावकाराकडून कर्ज घ्यायचा, कागद दुसराच कुणीतरी लिहायचा आणि शेतकरी खाली नांगराची निशाणी करायचा. कागद मराठीत असला तरी तो कोर्टात गेला की इंग्रजी कायद्याने तपासला जायचा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे नोंदणी न केलेल्या कर्जरोख्यावर पैसे देणं झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागे. हेतू चांगला होता. जुनाट कागद काढून कुणी कुणाला छळू नये, एवढाच.

पण हे घड्याळ फक्त वर्षं मोजत होतं. कर्ज फिटलं का किंवा फेडता येण्यासारखं होतं का, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. तीन वर्षं भरत आली की सावकारापुढे दोन रस्ते उरत: दावा लावायचा, नाहीतर मुद्दल अधिक थकलेलं व्याज मिळून नवा रोखा लिहून घ्यायचा. समजा १०० रुपये घेतले आणि व्याज सालीना २५ टक्के. काहीच फेडता आलं नाही तर तीन वर्षांनी नवा रोखा १७५ रुपयांचा. पुढच्या तीन वर्षांनी ३०६. नऊ वर्षं होतात तेव्हा सुमारे ५३६. हातात आले होते १०० च. शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी घातलेली मुदत अशी व्याजावर व्याज चढवायचं यंत्र झाली.

पुढे कोर्टात कितीतरी हुकूमनामे एकतर्फी होत. 'समन्स बजावलं गेलं' एवढं कागदावर असलं की पुरे. कुणी बजावलं, कुणाच्या हातात दिलं, त्याला ते वाचता आलं का, या प्रश्नांना त्या कर्मणी वाक्यात जागाच नव्हती.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांच्या घरावर हुकूमनामा मिळवला आणि घर पाडायला घेतलं. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात, बाजाराच्या दिवशी, उद्रेक झाला. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे आणि वह्या मागून घेतल्या, जाळल्या. दंगे शिरूर तालुक्यातही पसरले. पुणे जिल्ह्यात ५५९ जणांना अटक झाली आणि त्यांतले ३०१ दोषी ठरले. ज्यांना तो कागद वाचता येत नव्हता, त्यांनाही आपलं नशीब नेमकं कुठे लिहिलंय हे ठाऊक होतं.

सरकारने आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. त्याची इंग्रजीही 'शॅल बी'नेच भरलेली आहे. पण त्याने कर्मणी वाक्यात हरवलेली माणसं पुन्हा उभी केली. शेतकऱ्याचा कर्जाचा कागद गावच्या रजिस्ट्रारपुढेच व्हायचा, आणि मजकूर शेतकऱ्याला समजावून सांगायची जबाबदारी त्या रजिस्ट्रारची. पैसे घेतले तर पावती द्यायची. कोर्टाने शेवटच्या रोख्यावर न थांबता व्यवहाराच्या सुरुवातीपर्यंत मागे जाऊन हिशेब बघायचा. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. दाव्याची मुदतही वाढली: साध्या कागदाला सहा वर्षं, नोंदणी झालेल्याला बारा.

सगळं सुटलं नाही. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायची पळवाट काही सावकारांनी काढली. तरी एक गोष्ट बदलली. 'किती मुदत झाली' याच्या आधी 'मुळात किती दिले होते' हे विचारणं कोर्टावर बंधनकारक झालं.

म्हणून 'विल' की 'इज' हा प्रश्न फक्त मार्कांपुरता मानू नका. कर्ज देणाऱ्या ॲपच्या अटी आजही याच बांध्याच्या असतात: थकबाकी वसूल होईपर्यंत रक्कम कापली जाऊ शकते, आवश्यक वाटल्यास माहिती दिली जाऊ शकते. 'मान्य आहे' दाबण्याआधी असं प्रत्येक वाक्य कर्तरी करून बघा. कोण कापणार? कुणाला आवश्यक वाटल्यावर? माहिती कुणाला देणार? 'होईपर्यंत' म्हणजे मुद्दल फिटेपर्यंत, की दंड आणि त्यावरचं व्याज धरून? कर्त्याची जागा भरता आली नाही, तर ती अट कस्टमर केअरला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. १८७९ च्या कायद्यात हे समजावून सांगायला गावात एक माणूस नेमला होता. फोनच्या स्क्रीनवर तो नसतो.