वाढत्या हृदयावरचा डाग

वर्गात पाच मिनिटांत करता येईल अशा एका प्रयोगापासून सुरुवात करू. एक फुगा अर्धवट फुगवा. त्याच्यावर स्केचपेनने वाटाण्याएवढा ठिपका काढा. दोन बोटे अंतर सोडून तेवढाच चिकटपट्टीचा तुकडा चिकटवा. आता फुगा पूर्ण फुगवा. ठिपका फुग्याबरोबर पसरत जातो. चिकटपट्टी मात्र होती तेवढीच राहते, आणि तिच्या भोवतालचे रबर ओढले जाऊन फुग्याला तिथे बाक येतो.

वाढणाऱ्या पृष्ठभागावर एखादी खूण केली तर तिचे पुढे काय होते, याची ही दोन उत्तरे. तान्ह्या मुलाच्या हृदयावर उपचार म्हणून एक छोटासा डाग दिला, तर मूल वाढताना तो ठिपक्यासारखा वागेल की चिकटपट्टीसारखा? वरवर साध्या वाटणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर १९९४ साली काही कोकरांनी दिले, आणि त्या उत्तरामुळे लहान मुलांच्या हृदयोपचारात सावधपणा आला. त्याचीच ही हकीकत आहे.

दोन दारांचे घर

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या एका सूक्ष्म लाटेमुळे पडतो. ही लाट उजव्या अलिंदातील (कर्णिकेतील) एका गाठीतून निघते. कीथ आणि फ्लॅक या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन १९०७ साली केले. वरची अलिंदे आणि खालची निलये (जवनिका) यांच्यामध्ये तंतुमय ऊतीचा पडदा असतो. त्यातून वीज जात नाही. वरून खाली जायला निसर्गाने एकच दार ठेवले आहे. विल्हेल्म हिस यांनी १८९३ साली या दारातून खाली जाणारा स्नायूंचा जुडगा दाखवला आणि जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तावारा यांनी १९०६ साली त्याच्या तोंडाशी असलेली गाठ शोधली. या गाठीत लाट क्षणभर रेंगाळते, म्हणून आधी अलिंदे आणि मग निलये अशा क्रमाने ठोका पडतो.

काही मुलांच्या बाबतीत गर्भावस्थेतच या पडद्यात एखादा स्नायूचा धागा शिल्लक राहतो. म्हणजे घराला दुसरे, चोरदार राहते. लाट एका दाराने खाली उतरते, दुसऱ्याने वर चढते आणि पुन्हा पहिल्याने खाली येते. ही फेरी सुरू झाली की तान्ह्या बाळाचे ठोके मिनिटाला २२० ते ३०० पर्यंत जातात. लुई वोल्फ, जॉन पार्किन्सन आणि पॉल डडली व्हाइट यांनी १९३० साली अशा ११ रुग्णांचे हृदयालेख एकत्र प्रसिद्ध केले. तेव्हापासून चोरदाराच्या विकाराच्या या प्रकाराला या तिघांचे नाव मिळाले.

मोठ्या माणसाला छातीत धडधड जाणवते आणि तो ती सांगतो. बाळाला सांगता येत नाही. ते दूध पिईनासे होते, किरकिरते, फिकट दिसू लागते. ही फेरी तासन् तास, कधी एक-दोन दिवस चालू राहिली तर हृदय थकते आणि बाळाच्या जिवावर बेतते. म्हणून चोरदार बंद करण्याची घाई समजण्याजोगी होती.

सुरीपासून ठिणगीपर्यंत

पहिले दार बंद झाले ते सुरीने. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १९६८ साली विल सीली यांनी एका ३२ वर्षांच्या कोळ्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया करून तो जादा धागा कापला. छाती उघडावी लागली, पण विकार गेला.

पुढचे पाऊल एका अपघाताने पडले. पॅरिसमध्ये एका रुग्णाच्या हृदयात तपासणीसाठी बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, घातलेली असताना बिघडलेली लय ताळ्यावर आणण्यासाठी छातीवर विजेचा धक्का दिला गेला. त्यातील काही वीज कॅथेटरच्या टोकाशी पोचली आणि हिसचा जुडगा कायमचा निकामी झाला. ही घटना १९७९ साली प्रसिद्ध झाली. एकाचा अपघात दुसऱ्याची पद्धत झाली. मेल्विन शाइनमन आणि जॉन गॅलाघर यांच्या गटांनी १९८२ साली स्वतंत्रपणे सांगितले, की मुद्दाम कॅथेटरमधून धक्का देऊन, छाती न उघडता, विजेचा रस्ता तोडता येतो. तथापि हा धक्का म्हणजे हृदयाच्या आत उडवलेली ठिणगीच होती. तिच्याबरोबर दाबाची लाटही उठे. लहान मुलाच्या पातळ भिंतीसाठी ते फार दांडगे हत्यार होते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस ठिणगीची जागा रेडिओ वारंवारतेच्या विजेने घेतली. तिची सेकंदाला सुमारे पाच लाख आवर्तने होतात. एवढ्या वेगाने बदलणाऱ्या विजेने स्नायू आकसत नाही, नुसता तापतो. ५० अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या पेशी मरतात आणि त्या जागी वीज न वाहणारा वण तयार होतो. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अग्निकर्म सांगितले आहे आणि डागणे हा शब्द मराठीत जुनाच आहे. अब्लेशन हे त्याचे फार मोजूनमापून केलेले रूप म्हणता येईल.

येथे भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना उपयोगी पडेल असा एक मुद्दा आहे. कॅथेटरच्या टोकापासून दूर जावे तशी विजेची घनता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. उष्णता या घनतेच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून विजेने थेट निर्माण होणारी उष्णता अंतराच्या चौथ्या घातानुसार कमी होते. अंतर दुप्पट केले तर ती सोळाव्या हिश्श्यावर येते. टोकालगतचा मिलिमीटर-दीड मिलिमीटर भागच विजेने तापतो. पुढचा भाग शेजारून वाहत आलेल्या उष्णतेने भाजतो. डाग पाच-सहा मिलिमीटरचा होऊन थांबतो तो यामुळेच. वॉरन जॅकमन यांच्या गटाने १९९१ साली १६६ रुग्णांवरील उपचाराचे निकाल प्रसिद्ध केले. जवळजवळ सर्वांचे चोरदार बंद झाले होते.

तेच टोक, लहान हृदय

यश एवढे मोठे होते की लहान मुलांवरही लगेच हे उपचार सुरू झाले. अमेरिकेतील बालहृदयतज्ज्ञांनी एक चांगली गोष्ट केली. १९९१ पासून अशा उपचारांची सामाईक नोंदवही ठेवली. पहिल्या वीस महिन्यांतील ६५२ मुलांची माहिती १९९४ साली प्रसिद्ध झाली आणि निकाल उत्साह वाढवणारे होते.

पण येथे एक साधी विषमता होती. नवजात बाळाचे हृदय सुमारे २० ग्रॅमचे असते, प्रौढाचे सुमारे ३०० ग्रॅमचे. कॅथेटरचे तापणारे टोक मात्र दोघांसाठी जवळपास तेच. सहा मिलिमीटरचा डाग प्रौढाच्या हृदयात शर्टावरच्या बटणाएवढा वाटेल, तर तान्ह्याच्या हृदयात तो खिशाएवढा. आणि ते हृदय अजून पंधरा पट वाढायचे असते.

बोस्टनमधील फिलिप सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न कोकरांना विचारला. मेंढीचे पिल्लू झपाट्याने वाढते. मुलाला जी वाढ व्हायला अनेक वर्षे लागतात, तिच्यासारखी वाढ त्याच्यात काही महिन्यांत पाहता येते. काही आठवड्यांच्या कोकरांच्या हृदयात त्यांनी अलिंदात, निलयात आणि दोहोंमधील खाचेत डाग दिले. काही डाग लगेच तपासले, काही महिन्याने आणि काही आठ-नऊ महिन्यांनी.

अलिंदातील आणि निलयातील डाग रुंदावले होते. निलयातील सुमारे सहा मिलिमीटरचा डाग दहा मिलिमीटरच्या आसपास पोचला होता. खाचेतील डाग मात्र लक्षणीय वाढले नव्हते. म्हणजे एकाच हृदयात, एकाच हत्याराने दिलेला डाग एका जागी शाईच्या ठिपक्यासारखा वागला आणि दुसऱ्या जागी चिकटपट्टीसारखा.

सूक्ष्मदर्शकाने आणखी एक गोष्ट दाखवली, जी फुगा दाखवू शकत नाही. निलयातील वणाची कड रेखीव राहिली नव्हती. तंतुमय ऊतीचे धागे शेजारच्या निरोगी स्नायूत शिरले होते. अशा सरमिसळ झालेल्या कडेला वीज कुठे अडते, कुठे रेंगाळते आणि वळसा घेऊन परत येते. चोरदाराने जो विकार होतो त्याचेही मूळ हेच आहे, वळसा. एक फेरी थांबवण्यासाठी दिलेला डाग पुढे दुसऱ्या फेरीला जागा तर देणार नाही ना, ही शंका आता नुसती शंका राहिली नाही.

खाचेतील डाग वाढले नाहीत हा दिलासा होता, कारण बहुतेक चोरदारे तिथेच असतात. परंतु त्याच खाचेतून हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्याही जातात आणि लहान हृदयात त्या डागाच्या जागेपासून अगदी थोड्या अंतरावर असतात. डुकरांच्या पिलांवर झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन प्रयोगांत उपचारानंतर काहींच्या धमन्या अरुंद झालेल्या आढळल्या.

थांबण्याचे शास्त्र

मग मुलांवर उपचारच करू नयेत का? येथे आणखी एक जुने निरीक्षण मदतीला आले. पेरी आणि गार्सन यांनी १९९० साली दाखवले होते, की अगदी पहिल्या दोन महिन्यांत ज्या बाळांना चोरदारामुळे धडधड सुरू होते, त्यांपैकी दहांतील नवांहून अधिक बाळांमध्ये ती वर्षाच्या आत आपोआप थांबते. सुमारे एक तृतीयांश मुलांत ती पुढे, साधारण आठव्या वर्षी, परत येते. म्हणजे बहुतेकांना औषधांनी पहिले वर्ष पार करवले तर निसर्गच काम करतो, आणि उरलेल्यांसाठी अधिक मोठे, अधिक वाढलेले हृदय मिळते. १९९० चे हे निरीक्षण आणि १९९४ ची कोकरे यांना एकत्र ठेवले की सल्ला सरळ निघतो: शक्य तेवढे थांबा. तज्ज्ञांच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक सूत्रांतही १५ किलोच्या आतील मुलांसाठी आधी औषधे, आणि ती निष्प्रभ ठरली किंवा जीव धोक्यात आला तरच अब्लेशन, हाच भर आहे.

थांबता येत नाही अशी बाळे असतातच. १९९९ च्या आरंभापर्यंतच्या नोंदवहीत दीड वर्षाच्या आतील १३७ मुले होती. त्यांच्यातील तात्पुरते यश आणि गुंतागुंती मोठ्या मुलांच्या तुलनेत वाईट नव्हत्या. निष्णात हातांनी, कमीत कमी डाग देऊन, कमीत कमी वेळ तापवून केलेला उपचार बाळाला वाचवतो. कोकरांनी शिकवलेली काटकसर येथे उपयोगी पडते.

पुढे तापवण्याऐवजी गोठवण्याची पद्धत आली. प्रथम हलके गारठवून परिणाम पाहायचा, तो नको असेल तर ऊब देऊन पेशी पूर्ववत करायच्या, अशी सोय त्यात असल्याने मुख्य दाराजवळ काम करताना ती सुरक्षित ठरली. परंतु गोठवलेला डाग तरी वाढणार नाही, ही आशा मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ साली तपासली. डुकरांच्या पिलांत अलिंदातील आणि निलयातील डाग गोठवलेले असोत वा भाजलेले, सारखेच वाढले. याचा अर्थ वाढ ही हत्याराची करणी कमी आणि वाढत्या ऊतीची करणी अधिक.

मुलांच्या बाबतीतला अनुभव पुष्कळसा आश्वासक आहे. १९९९ ते २००३ या काळात अमेरिकेत ४८१ मुलांवर उपचारापूर्वीच आखणी करून लक्ष ठेवण्यात आले. उपचाराच्या दिवशी सुमारे ९५ टक्के मुलांत यश मिळाले. वर्षभरात सुमारे दहांतील एका मुलाचा विकार परतला. दोन्ही आकडे खरे आहेत. फरक फक्त केव्हा मोजले याचा.

आम्हां प्रयोगशाळेतील मंडळींना निकाल त्याच दिवशी हवा असतो. उपचार करणाऱ्यालाही तो हवा असतो आणि बाहेर बाकावर बसलेल्या आईबापांना तर हवाच असतो. हृदयालेखाची रेघ सरळ झाली की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. तरीही वाढत्या शरीरावर केलेल्या कामाचा पुरता हिशेब ते शरीर वाढून झाल्यावरच लागतो. म्हणून अशा मुलाच्या कागदपत्रांत उपचाराची तारीख, डागांची संख्या आणि जागा नीट जपून ठेवणे आणि मूल ठणठणीत असले तरी ठरल्या वेळी तपासणीला नेणे, ही आईबापांनी करायची गोष्ट आहे. वर्गात असा विद्यार्थी असेल तर शिक्षकांनाही ती माहीत असावी.

फुग्याचा प्रयोग करताना फुगा पूर्ण फुगवण्याआधी विद्यार्थ्यांना आपापला अंदाज वहीत लिहायला सांगा. बहुतेक जण ठिपक्याविषयी बरोबर सांगतील. चिकटपट्टीभोवती फुग्याला येणारा बाक फार थोड्यांच्या ध्यानात येईल. त्या बाकावर बोट ठेवा आणि मग कोकरांची गोष्ट सांगा.