बुचाच्या रानात मूळचं कोण?

बुचाचं झाड म्हटलं की आपल्याला पांढऱ्या, सुगंधी फुलांचा सडा आठवतो. ते झाड हे नव्हे. तेही मूळचं आपलं नाहीच, ब्रह्मदेशाकडचं. बाटलीचं खरं बूच निघतं ते पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को इकडच्या एका सदाहरित ओकच्या सालीतून. साल काढली की झाडं मरतात, हे मात्र उलट सुधारतं, असं ऐकल्याची नोंद ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने करून ठेवली आहे. आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांच्या घराण्यातला हा वनस्पतिशास्त्रज्ञ!

ही जाड साल मुळात वणव्यापासूनचं चिलखत. झाड पंचविशीला आलं की ती पहिल्यांदा काढतात, मग पोर्तुगालमध्ये किमान नऊ वर्षं हात लावायचा नाही. सोललेल्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर रंगवून ठेवतात. बाटलीजोगं बूच मिळतं ते तिसऱ्या खेपेला, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर. लावणारा एक आणि सोलणारा दुसरा, असंच बहुधा होतं.

आता प्रश्न असा, की या रानाला नैसर्गिक म्हणायचं का? ओक तिथलाच. त्याची फळं जमिनीत पुरून नवी रोपं उगवू देणारा जे पक्षीही तिथलाच. खालची रानटी लॅव्हेंडर, चिकट पानांची सिस्टसची झुडपं, सगळी तिथलीच. पण झाडांमधलं अंतर, मधलं गवत, हे गुराखी आणि डुकरं चारणाऱ्यांनी शतकानुशतकं राखलेलं. माणूस उठून गेला की झुडपं माजतात आणि वणवा पेटतो. माणूस हावरा झाला तर काय होतं, तेही दिसलं आहे: पोर्तुगालने १९२९ मध्ये गव्हाची मोहीम काढली, आलेंतेजूच्या उतारांवरही नांगर फिरला आणि आधीच पातळ असलेली माती वाहून गेली.

सगळ्यात मोठी किंमत मोजली ती आयबेरियन लिंक्स या रानमांजराने. त्याला लपायला झुडूप हवं. आणि ज्यावर तो जगतो त्या सशाला झुडपाशेजारी गवत हवं. १९५२ मध्ये फ्रान्समधल्या एका डॉक्टरने आपल्या वाडीतले ससे मारायला मिक्सोमॅटोसिसचा विषाणू सोडला. तो पिरेनीज ओलांडून आला, ससे पटापट मेले. शिकार आणि तुटलेली रानं होतीच. २००२ च्या सुमारास लिंक्स शंभराच्याही आत उरले.

मग त्यांची बंदिस्त पैदास सुरू झाली. पोर्तुगालमध्ये मेर्तोलाजवळ त्यांना पुन्हा सोडताना आधी पाहिलं ते एवढंच: इथे ससे पुरेसे आहेत का? २०२३ च्या गणनेत दोन्ही देशांत मिळून लिंक्स दोन हजारांवर गेले होते.