कुलाबा वेधशाळेच्या भूचुंबकीय नोंदी व त्यांचे जतन

२ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळच्या प्रहरी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकमापकाचा निर्देश एकाएकी ढळू लागला. वेधशाळेचा शिरस्ता तासातासाने वेध घेण्याचा होता. परंतु क्षोभ ध्यानात येताच निरीक्षकांनी थोड्याथोड्या मिनिटांच्या अंतराने आकडे टिपून घेतले. इंग्लंडमध्ये क्यू येथे त्या काळी छायालेखन करणारे स्वयंचलित यंत्र होते. तेथील प्रकाशबिंदू मात्र वादळाच्या भरात कागदाबाहेर निघून गेला. कुलाब्यास असे यंत्र नव्हते, दुर्बिणीतून मोजपट्टी वाचणारा मनुष्य होता, आणि म्हणूनच तेथील नोंद अखंड राहिली.

या नोंदीचे खरे मोल ठरावयास १४४ वर्षे लागली. इ. स. २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखीना व ॲलेक्स यांनी तिच्या आधारे, क्षैतिज घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट झाली होती, असे दाखवून दिले. कॅरिंग्टन वादळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या घटनेच्या तीव्रतेविषयीची आजची चर्चा प्रामुख्याने या एका नोंदीवर उभी आहे. ती निर्विवाद नाही. इ. स. २००६ मध्ये सिस्को व त्यांचे सहकारी यांनी तासाची सरासरी घेऊन पाहिली, तेव्हा वादळाचा निर्देशांक उणे ८५० नॅनोटेस्लांच्या आसपास आला. वाद घालता येतो, कारण मूळचे सुटे आकडे उपलब्ध आहेत. केवळ सरासरीच मागे उरली असती, तर त्याला जागाच राहिली नसती.

आकडा टिकणे आणि त्याचा अर्थ टिकणे या दोन भिन्न गोष्टी होत. मोजपट्टीवरील एक भाग म्हणजे किती बल, त्या वेळी खोलीचे तपमान काय होते, घड्याळ कोणत्या वेळेस लावलेले होते (भारतीय प्रमाणवेळ इ. स. १९०६ पासूनची), हे ठाऊक नसेल तर हाती उरते ती निव्वळ अंकांची रास. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांना याची पुरती जाण होती. इ. स. १८९६ मध्ये ते वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने वेध दूषित होणार, हे दिसताच चुंबकीय विभाग अलिबागला हलविण्यात आला. परंतु इ. स. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी वेध चालू ठेवण्यात आले, जेणेकरून जुन्या मालिकेचा सांधा नव्या मालिकेशी जुळावा. इ. स. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांची सामग्री दोन भागांत छापून काढली. यंत्रांचे वर्णनही त्यांनी तीत समाविष्ट केले. आज जिला ‘मेटाडेटा’ म्हणतात ती याहून फारशी निराळी वस्तू नव्हे.

जतनाचे कार्य एकेका वेधशाळेच्या हातून निघून जागतिक झाले, ते इ. स. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात. अमेरिका व सोव्हिएत संघ येथे प्रत्येकी एक, आणि तिसरे पश्चिम युरोप, जपान इत्यादी देशांत विभागलेले, अशी जागतिक आधारसामग्री केंद्रे स्थापन झाली. एक केंद्र नष्ट झाले तरी प्रत अन्यत्र राहावी, ही त्यामागील योजना शीतयुद्धाच्या त्या काळात अनाठायी नव्हती. मायक्रोफिल्म व छिद्रित पत्रे यांवर साठविलेली ही सामग्री पुढे चुंबकीय फितींवर व त्यानंतर संगणकीय भांडारांत गेली. भूचुंबकत्वाचे असे केंद्र मुंबईत भारतीय भूचुंबकत्व संस्थेत इ. स. १९९१ पासून आहे. इ. स. २००८ मध्ये जुनी केंद्रव्यवस्था गुंडाळून तिच्या जागी विश्व आधारसामग्री प्रणाली आणण्याचा निर्णय झाला.

अंकीय साठवणुकीची अडचण कागदाहून वेगळी आहे. कपाटात पडून राहिलेले वार्षिक शतकानंतरही वाचता येते. फीत पडून राहिली, तर ती वाचणारे यंत्रच आधी नाहीसे होते. म्हणून दर काही वर्षांनी सामग्री नव्या माध्यमावर उतरवावी लागते आणि प्रत्येक वेळी मूळ प्रतीशी ताडून पाहावी लागते. या कामास ना कीर्ती ना शोधनिबंध, त्यामुळे निधीच्या वाटपात ते शेवटी येते, ही वस्तुस्थिती आहे.

इ. स. २०२२ मध्ये हायाकावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलाब्याचे छापील वार्षिक पुन्हा उघडले. क्षैतिज घटकाचे आकडे तोवर सर्वपरिचित झाले होते. त्याच ग्रंथात दिक्पात व ऊर्ध्व घटक यांचेही आकडे छापलेले होते, आणि १८५९ च्या वादळाचे तिन्ही घटक त्यांवरून प्रथमच एकत्र मांडता आले.