अकोटचे ऊन आणि घरची वीज

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या अकोटला उन्हाची वाण कधीच नव्हती. मे महिन्यात वऱ्हाडातील पारा ४४-४५ अंशांवर जातो, घरोघरी कूलर सुरू होतात आणि विजेची मागणी वाढते. ज्या उन्हामुळे ही मागणी वाढते, त्याच उन्हापासून घराच्या गच्चीवर वीज तयार करता येते. वापराच्या जागीच वीजनिर्मिती करण्याच्या या पद्धतीस विकेंद्रित सौरऊर्जा म्हणतात.

प्रचलित व्यवस्था याच्या उलट आहे. अकोला जिल्ह्यातील पारस येथे प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच कोळशावर चालतात. अशा केंद्रांत कोळशाबरोबर पाणीही मोठ्या प्रमाणावर लागते आणि राखेची विल्हेवाट लावावी लागते. तयार झालेली वीज उच्चदाब वाहिन्या, उपकेंद्रे व रोहित्रे यांतून घरापर्यंत येताना तिचा काही भाग वाटेतच वाया जातो. गच्चीवरच्या विजेला हा प्रवास करावा लागत नाही.

घराचा लाभ

एक किलोवॉटच्या संचासाठी सुमारे १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते. त्यातून वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट वीज मिळते. पावसाळ्यात हे प्रमाण घटते. तीन किलोवॉटचा संच महिन्याला साधारण ३५० युनिट देतो. नेट मीटरिंगमुळे दिवसा उरलेली वीज जाळ्यात जाते व तिची वजावट बिलात मिळते. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत बिजली योजने’त एक किलोवॉटला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये केंद्रीय अनुदान ठरविण्यात आले.

पर्यावरणाचा लाभ

देशातील जाळ्यातून येणाऱ्या प्रत्येक युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. या हिशेबाने तीन किलोवॉटचा एक संच वर्षाला सुमारे तीन टन उत्सर्जन टाळू शकतो. त्यासाठी कपाशीची काळी जमीन अडवावी लागत नाही. अकोटच्या उत्तरेस असलेल्या मेळघाटसारख्या वनप्रदेशात तर घरापुरत्या सौर संचाचे महत्त्व अधिक आहे; तेथे वीजवाहिनी नेणे अवघड असते.

दोन गैरसमज

ऊन जितके कडक, तितकी वीज अधिक, असा समज आढळतो. प्रत्यक्षात वीज प्रकाशापासून तयार होते, उष्णतेपासून नव्हे. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. वैशाखात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर १२ ते १६ टक्के घट होते. म्हणून पॅनेल आणि गच्ची यांत हवा खेळेल इतके अंतर ठेवणे आवश्यक ठरते.

दुसरा समज भारनियमनाविषयीचा आहे. जाळ्याशी जोडलेला साधा संच वीज गेल्याबरोबर स्वतःच बंद होतो. वाहिनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये, यासाठी ही योजना असते. वीज गेल्यावरही दिवे व पंखे चालू ठेवायचे असतील, तर बॅटरी व त्यास योग्य इन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि खर्च वाढतो. बिल कमी करणे आणि खंडित पुरवठ्यावर मात करणे या दोन वेगळ्या गरजा आहेत. आपली गरज कोणती, हे ठरवूनच संचाची निवड करणे हिताचे असते.