पानाची पाठ

माझ्या लहानपणी आमच्याकडं पिकाचं काहीही बिघडलं तरी त्याला एकच शब्द होता, 'रोग पडला'. मग ती कीड असो, बुरशी असो, नाहीतर जमिनीतच काही कमी असो. अपवाद दोन-तीन. ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी निघाली तर ती काणी. तिच्यासाठी पेरणीआधी बियाण्याला गंधक चोळायचं, हे न शिकलेल्या माणसालाही ठाऊक होतं. आणि ज्वारीची पानं तेल पुसल्यासारखी चमकायला लागली, हात लावला की बोटं चिकटायला लागली, म्हणजे चिकटा.

चिकटा मला चांगला आठवतो. मी पाचवीत की सहावीत असेन. शाळेतून आलो की गुरांना ज्वारीची हिरवी ताटं आणायची, हे माझं काम. त्या साली माझे हात, कपडे, विळ्याची मूठ सगळं गुळाच्या पाकात बुडवल्यासारखं झालं. चमकणारं पान दाखवून मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना विचारलं, की हे काय आहे. त्यांनी ते पान बघितलंच नाही. त्याच्या वरचं पान धरून उलटं केलं. पाठीवर बारीक किड्यांचा थर. म्हणाले, "खाली काय बघतो रं? गळतंय ते वरून. पाठ बघावी पानाची."

तो मावा. पानातला रस पितो आणि जास्तीचा गोड पाक मागून टाकतो, तो खालच्या पानावर पडतो. शास्त्रातलं एवढं अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं, ते सहीपुरते शिकलेले. पण वर बघायचं, हे त्यांना माहीत होतं. मला मात्र ते पुढं पंचवीस-तीस वर्षं आठवलं नाही, त्याचीच ही हकिगत आहे.

आमचं गाव राहुरी तालुक्यात, प्रवरेच्या उजव्या कालव्यावर. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली झालं, पाटाला पाणी आलं आणि हळूहळू हा सगळा पट्टा उसाचा झाला. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी कारखाना उभा केला. १९६८ ला राहुरीत कृषी विद्यापीठ आलं. म्हणजे माझी पिढी मोठी झाली ती एका बाजूला कारखान्याची चिमणी आणि दुसऱ्या बाजूला विद्यापीठ, अशा मधल्या जागेत. मी १९७६ ला दहावी झालो आणि औत धरलं. विद्यापीठाची 'कृषिदर्शनी' दर साली घरात यायची. मी ती पंचांगासारखी खुंटीला लावून ठेवायचो. वाचायचोही पंचांगासारखीच, अडलं की.

उसानं मला बघायला शिकवलं ते पोंग्यापासून. लागणीनंतर दोन-तीन महिन्यांत मधला पोंगा वाळतो, बाजूची पानं हिरवी असतात. गावात त्याला नुसतं 'पोंगा वाळला' म्हणायचे. पण तो धरून ओढायचा. अलगद हातात आला आणि बुडाला घाण वास मारला तर खोडकिडा. ओढून निघता निघत नाही आणि पोंग्याजवळच्या पानांवर ओळीनं भोकं पडलेली आहेत, तर शेंडा पोखरणारी अळी. आणि पोंगा राहिला बाजूला, सगळं बेटच हातात आलं, खाली मुळ्याच नाहीत, तर हुमणी. तीन वेगळे चोर, तीन वेगळे रस्ते, आणि दुकानात मात्र तिघांना एकच पुडी मिळायची.

काही वेळा चोर नसतोच. आमच्या शिवेकडच्या चुनखडीच्या तुकड्यात खोडवा फुटला की पानं पिवळी, पुढं पांढरीफटक पडायची, शिरा तेवढ्या हिरव्या. हा केवडा. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळं ते पिकाला उचलता येत नाही. मी त्यावर दोन वर्षं कीटकनाशक मारलं. मग एकदा विद्यापीठाच्या शिवारफेरीत एका शास्त्रज्ञानं माझ्या हातातलं पान बघून हिराकस फवारायला सांगितली. पान पंधरा दिवसांत हिरवं व्हायला लागलं. औषधाचे पैसे गेले ते गेलेच.

एवढं शिकलेला मी, २००२ साली मला वाटत होतं की उसाचं पान आपल्याला वाचता येतं.

त्या साली जुलैत सांगली जिल्ह्यात उसावर नवी कीड दिसल्याची बातमी पेपरात आली. नाव लोकरी मावा. आमच्याकडं तेव्हा पावसाची काळजी होती, कीड कोण बघतो? पुढं कळलं की कीड जगाला नवी नव्हती. १८९७ साली डच अमलातल्या जावा बेटावर तिची शास्त्रीय नोंद झालेली होती. आपल्या देशातही बंगालकडं ती १९५८ पासून माहीत होती. दक्षिणेत मात्र ती अशी कधी पसरली नव्हती. आणि आली तेव्हा तिला रान मोकळं मिळालं. बहुतेकांच्या शेतात एकच जात, को ८६०३२. साखरही चांगली, वजनही चांगलं, म्हणून १९९६ ला ती शिफारशीत आल्यापासून आम्ही सगळे तिच्यामागं लागलेलो.

माझ्याकडं २००३ च्या सुरू लागणीचा अडीच एकर होता. गणपती होऊन गेल्यावर एक दिवस मी उसातून बाहेर आलो तर मंडळी म्हणाल्या, "अहो, सदऱ्याला कापूस कशाचा लागलाय?" कपाशी तर आमच्या रानात नव्हती. झटकला तर बोटांवर पांढरी भुकटी आली.

परत आत गेलो. पहिलं डोळ्यांत भरलं ते काळं. खालची पानं काजळी फासल्यासारखी काळीकुट्ट. मी ठरवून टाकलं की बुरशी. तालुक्याच्या दुकानात गेलो, बुरशीचं औषध आणलं, दोन माणसं लावून मारलं. काळं गेलं नाही. जाणार कसं? वरच्या पानांच्या पाठीला मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांनी पांढऱ्या लोकरीचे पट्टे बसलेले, त्यांचा पाक खाली गळत होता आणि त्या पाकावर ती काजळी वाढत होती. अण्णांनी ज्वारीत दाखवलेलंच होतं हे सगळं. अण्णा तेव्हा घरातच होते, मोतीबिंदूनं दिसायचं कमी. मी त्यांच्या हातात एक पान दिलं. त्यांनी बोट फिरवलं, म्हणाले, "चिकटा हाये की."

या माव्याला नर-मादी एकत्र यायचीही गरज पडत नाही. मादी सरळ जिवंत पिल्लं टाकते. ढगाळ दमट हवा मिळाली की पंधरवड्यात शेत पांढरं. पंख फुटलेले वाऱ्यावर जातात आणि न फुटलेले आपणच नेतो. त्या दुष्काळात उसाचं वाढं चाऱ्यासाठी गाड्या भरभरून या गावाहून त्या गावाला चाललं होतं. वाढ्याबरोबर मावाही फुकट प्रवास करत होता.

आता चूक सांगतो. दुसऱ्या खेपेला पानाची पाठ नीट बघितली तेव्हा लोकरीत मला आणखी काहीतरी दिसलं. बारीक जाळी विणलेली आणि जाळीखाली हिरवट करड्या अळ्या, अर्ध्या-पाऊण इंचाच्या. मी मनात म्हटलं, झालं, आता मावाही आणि वर अळीही. शेतकऱ्याला अळी म्हणजे खाणारी एवढंच माहीत. ती काय खाते हे बघायला मी क्षणभरही थांबलो नाही. चार-पाच बोटांनी चिरडल्या. दुकानदारानं दोन्हीला चालेल अशी भुकटी दिली. आठ-नऊ फूट वाढलेल्या उसात शिरून धुरळणी करणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. तोंडाला उपरणं बांधलं तरी भुकटी नाकातोंडात. पानं कापतात, वर मारलेलं निम्मं आपल्याच अंगावर येतं. एक गडी संध्याकाळी ओकायला लागला, त्याला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. तो वाचला. पण ती रात्र मी दवाखान्याच्या पायरीवर बसून काढली.

आठ दिवस ऊस बरा दिसला, मग पहिल्यापेक्षा पांढरा झाला.

माझ्या बांधाला थोरल्या चुलतभावाचं रान. आमचं बोलणं बंद होतं. कारण बांधावरचा कडुलिंब. त्याच्या सावलीनं माझ्या दोन सऱ्या बसत होत्या, मला तो तोडायचा होता आणि तो तोडू देत नव्हता. त्याचा ऊसही तितकाच पांढरा होता. त्याच्याकडं औषधाला पैसे नव्हते, म्हणून त्यानं काहीच मारलं नाही. मला तेव्हा वाटायचं, ह्याच्या उसातला मावा वाऱ्यानं माझ्याकडं येतो, आणि हा माणूस मुद्दाम बसून राहिलाय.

दिवाळीच्या सुमारास कारखान्याचा स्लिपबॉय माझ्या बांधावरून गेला आणि भावाच्या उसात शिरला. बाहेर आला तो हातात पानांची जुडी घेऊन. मी विचारलं, काय चाललंय. त्यानं पान उलटं करून दाखवलं. जाळी होती, जाळीखाली अळी होती, आणि लोकरीच्या जागी नुसती पांढरट सालपटं राहिलेली.

"नाना, ही कोनोबाथ्रा. मावा खाती. तुमच्या उसात नव्हती का?"

"होती," म्हणालो. पुढं काही बोलवलं नाही.

तिचं शास्त्रीय नाव डिफा ॲफिडिव्होरा, कागदपत्रात तेव्हा कोनोबाथ्रा असंही लिहायचे. आमच्याकडं तिचं 'कोनोबाई' झालं. मावा आला तशी ती त्याच्यामागं आपोआप आलेली होती, कुणी सोडलेली नव्हती. तिच्या जोडीला मायक्रोमस नावाचा तपकिरी पंखांचा किडा. शिफारस अशी होती की हेक्टरी डिफाच्या १००० किंवा मायक्रोमसच्या २५०० अळ्या सोडायच्या. पण आधी औषध बंद. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, राहुरीचं विद्यापीठ आणि कारखाने या किड्यांची पैदास करत होते, पण मागणी एवढी की पुरवठा कुठून पुरणार? म्हणून जिथं मित्रकिडे दिसतील तिथली पानं कापून दुसऱ्याच्या उसाच्या पानाला टाचायची. कीटकशास्त्र म्हणाल तर असं, टाचणी आणि पान.

आमच्या गटात अशी पानं होती ती फक्त भावाच्या रानात.

मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खळ्यावर गेलो. चार वर्षांनी त्याच्या दारात उभा होतो. म्हटलं, "दादा, थोडी पानं लागत्यात." त्यानं काय, कशाला, काही विचारलं नाही. विळा घेतला आणि पुढं चालायला लागला. दिवसभर आम्ही दोघांनी पानं कापली आणि माझ्या उसात टाचली. लिंबाचा विषय निघाला नाही.

तोवर उशीर झालेला होता. एकरी पंचेचाळीस टन निघायचा तिथं माझा सव्वीस निघाला. भावाचा चौतीस. आता यात माव्याचं किती आणि पाटाची पाळी हुकली त्याचं किती, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याच्या विहिरीला पाणी माझ्यापेक्षा थोडं जास्त होतं, हेही खरं. राज्याचं बघितलं तरी तसंच. २००२-०३ च्या हंगामात महाराष्ट्रात ६२ लाख टनांच्या आसपास साखर झाली होती, ती २००४-०५ ला २२ लाखांच्या आसपास आली. दुष्काळ आणि लोकरी मावा दोघांनी मिळून ते केलं. कारखाने बंद राहिले, तोडीच्या टोळ्यांना काम मिळेना.

पुढं आसामातून आणलेली एन्कार्शिया नावाची डोळ्यांना जेमतेम दिसणारी माशीही पसरली आणि चार-पाच वर्षांत मावा आटोक्यात आला. गेला नाही. आजही कोपऱ्यात एखादं पांढरं पान सापडतं. मी पाठ उलटून बघतो, जाळी दिसली की पान तसंच सोडतो. आमच्या पोरांना हे वेडेपण वाटतं. किडलेलं पान शेतात ठेवायचं?

कडुलिंबाचंही सांगायला हवं. २०१८ ला हुमणीनं आमचा भाग खाल्ला. ऑगस्टात ऊस पिवळा पडला, सप्टेंबरात हात लावला की बेट आडवं. लोक तेव्हा सरीत औषध ओतायला लागले. पण हुमणीचं पहिलं नुकसान उसावर दिसतच नाही, ते मे-जूनमध्ये झाडावर दिसतं. वळवाचा नाहीतर मृगाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघतात आणि लिंब, बाभळ, बोर यांच्यावर जमतात. रात्रभर पाला खातात, तिथंच जोड्या जमतात, पहाटे परत मातीत. मादी मातीत अंडी घालते. लिंबाची पानं कडेनं कातरलेली दिसली की समजावं, दोन-तीन महिन्यांनी मुळ्या खाणारे खाली तयार होतायत. मी ते कातरलेले शेंडे त्या साली जूनमध्ये बघितले होते. म्हटलं, शेळ्यांनी ओरबाडला असेल. शेळी पंधरा फुटांवर कशी जाईल, हे डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या सालापासून आम्ही दोन्ही घरची माणसं त्याच लिंबाखाली जमतो. खाली ताडपत्री, बादलीत रॉकेलचं पाणी. पुतण्या वर चढून फांद्या हलवतो, भुंगेरे टपटप पडतात, बायका-पोरं वेचतात. मोठ्या पावसाच्या रात्री बादली निम्मी भरलेली मी बघितलीय. भाऊ आता नाही, २०२१ ला गेला. पण माझ्या त्या दोन सऱ्या सावलीनं अजून बसतात, आणि लिंब उभा आहे.

यंदा जूनमध्ये पहिला पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी बांधावर गेलो. शेंडे कातरलेले होते. पुतण्याला फोन लावला.

"व्हय नाना," तो म्हणाला, "काल रात्रीच बल्ब टांगलाय. बादली घेऊन या."